उकळी येईपर्यंत

आमच्या गॅरेजमध्ये खिडकीखालच्या फळीवर पत्र्याचा एक डबा असतो. बाबा त्याला मेलेल्यांचा डबा म्हणतात. जळलेले रिले, मोडके स्विच, बिघडलेले सेन्सर, गाडीतून काढलेलं आणि तपासून कामातून गेलेलं ठरलेलं सगळं त्यात जातं. तपासल्याशिवाय त्यात काही टाकायचं नाही हा बाबांचा कायदा. तपासण्याआधी ती वस्तू रॉकेलनं धुवायची, ब्रशनं घासायची, फडक्यानं कोरडी करायची, कारण मळलेल्या वस्तूचा न्याय करू नये असं त्यांचं म्हणणं. या न्यायदानात माझा निम्मा दिवस जातो. घरात मला सगळे घाई म्हणतात, ते काही उगाच नाही.

त्या दिवशी सकाळी या डब्यात मला एक कोरा करकरीत सेन्सर सापडला.

कोऱ्या सेन्सरनं घाबरायचं काय, ते कळायचं तर आधी बाबांचं सांगायला हवं. गेल्या वर्षापासून बाबा विसरायला लागले आहेत. पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. फ्रिजमध्ये दुधाशेजारी पाना सापडला तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, आता ताजा राहील. मग एकच प्रश्न जेवताना तीनदा यायला लागला. मग एकदा स्पेअर पार्टच्या दुकानाकडे जायला निघाले आणि कोपऱ्यावर उभेच राहिले. ज्या रस्त्यानं सगळं आयुष्य गेलं, तिथे डावीकडे वळायचं की उजवीकडे ते त्यांना कळेना. मी मागून गेले, हात धरला आणि काहीच झालं नाही असं दोघांनी ठरवलं.

दादा दूर राहतो, मोठ्या शहरात, उंच इमारतीत. बाबांना माझ्याकडे पाठव म्हणून तो माझ्या मागे लागला होता. मी म्हणत होते, अरे, त्या खोलीत बसून ते काय करतील, हातातलं काम सुटलं की माणूस चार महिन्यांत संपेल. तो म्हणत होता, लोक त्या गाड्यांतून पोरंबाळं घेऊन फिरतात, याचा विचार केलास का? फोनवर आमची चांगलीच जुंपायची. शेवटी तडजोड झाली. गिऱ्हाइकाच्या गाडीत बाबांच्या हातून चूक होत नाही तोवर ते माझ्याकडे. एक चूक झाली की दादा येऊन त्यांना घेऊन जाणार. दादा आडपडदा ठेवणाऱ्यांतला नाही, त्यानं हे बाबांनाही तोंडावर सांगितलं. बाबा नुसतं बरं म्हणाले.

तेव्हापासून मी त्यांच्या हातांवर पहारा द्यायला लागले. ते नट आवळत असले की मी मागे उभी. एकदा मागे वळून न बघताच ते म्हणाले, "काय गं, परीक्षा चालू आहे का? कॉपी नाही करत मी." मी हसले, पण तिथून हलले नाही.

सिस्टरांची गाडी आदल्या दिवशी आमच्याकडे आली होती. सिस्टर म्हणजे डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर घरोघर जाणारी नर्स. तिची गाडी जुनी, पण त्या गाडीशिवाय तिचं पान हलत नाही. तक्रार अशी की इंजिनाच्या तापमानाचा काटा कधी तळाशी झोपतो, कधी एकदम वर उडतो, आणि इंजिन तापलं तरी पंखा लागत नाही. स्कॅनर लावला तर त्यानं तापमानाच्या सेन्सरकडे बोट दाखवलं. हा सेन्सर अंगठ्याएवढा पितळी तुकडा. इंजिनात खेळणाऱ्या पाण्यात त्याचं नाक बुडालेलं असतं आणि पाणी किती तापलं ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत राहतो. त्याच्या शब्दावर पेट्रोल कमीजास्त होतं, त्याच्या शब्दावर पंखा लागतो. तो गप्प बसला किंवा खोटं बोलला तर इंजिन आतल्या आत उकळतं आणि चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही.

मी नवा सेन्सर मागवला. सकाळी खोका बाबांच्या हातात दिला आणि बदलून टाका म्हणून सांगितलं. तेवढ्यात बाजाराच्या रस्त्यावर कुणाची बॅटरी बसली म्हणून बोलावणं आलं. जावं की न जावं, माझा पाय निघेना. बाबा म्हणाले, जा, गाडी काही मला खात नाही. मी गेले.

परत आले तर सिस्टरांची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. काच खाली करून सिस्टरनं घाईघाईत सांगितलं, की डोंगरापलीकडे एका बाईला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या आहेत, रुग्णवाहिका दुसऱ्या कामावर अडकली आहे, तेव्हा तीच आपल्या गाडीतून तिला दवाखान्यात आणणार आहे. ती गेली. बाबा फडक्यानं हात पुसत उभे होते. झालं का काम, मी विचारलं. झालं, ते म्हणाले. त्यांची नजर अंगणात कुठेतरी फिरत होती.

बाकावर सेन्सरचा रिकामा खोका पडला होता. शेगडीवर आमचं तपासणीचं काळं पातेलं होतं, पाणी कोमट होतं. मी खिशातला एक जळका रिले डब्यात टाकायला गेले आणि आत बघितलं. सगळ्यात वर तो पडला होता. पितळ लखलखीत, आट्यांवर धुळीचा कण नाही, दुकानाची निळी खूण जशीच्या तशी. खोक्यातला नवा सेन्सर.

तरी मी लगेच तोंड उघडलं नाही. आधी मीटर काढला, सेन्सरच्या दोन टोकांना चिमटे लावले, सेन्सरचं नाक पातेल्यात बुडवलं, शेजारी स्वयंपाकघरातला थर्मामीटर टेकवला आणि शेगडी पेटवली. गार असताना या सेन्सरचा आकडा, म्हणजे विजेला होणारा अडथळा, हजारांत असतो आणि पाणी तापेल तसा तो उतरत शेकड्यांत येतो. हा अगदी शिकवल्यासारखा उतरत होता. वाफ दिसायला लागली तोवर तो पार खाली आला होता. मी शेगडी बंद केली. चांगला सेन्सर मेलेल्यांच्या डब्यात, म्हणजे मेलेला सेन्सर सिस्टरांच्या गाडीत. याहून वेगळा अर्थ मला तरी लागेना. धुऊन-पुसून दोन्ही सारखेच चकचकीत झाले असणार आणि बाबांनी अदलाबदल केली असणार.

सिस्टरला फोन लावला. लागला नाही. डोंगराची चढण सुरू झाली की फोनचा काही उपयोग नसतो.

मी सेन्सर तळहातावर ठेवून बाबांसमोर धरला. त्यांनी तो उचलला, उजेडात फिरवला, बराच वेळ बघितला.

"हा मी डब्यात टाकला?"

"तुमच्याशिवाय इथे दुसरं आहे कोण?"

"मग टाकला असेल," ते म्हणाले.

ते भांडले असते तर मला सोसलं असतं. नाही म्हणाले असते, आवाज चढवला असता, तुला काय कळतं म्हणाले असते, तर मी त्यांच्या वरचढ ओरडले असते आणि आमचं घर नेहमीसारखं झालं असतं. पण ते एवढं सरळ कबूल करून मोकळे झाले. मी पाने, इंजिनाच्या पाण्यात घालायच्या कूलंटचा कॅन, मीटर सगळं पिशवीत कोंबलं आणि पिशवी आमच्या टेम्पोत फेकली. वळून बघते तर बाबा आधीच पुढच्या सीटवर बसलेले. बसवायला दोन हात कमी पडतील, ते म्हणाले.

शाळेची भिंत ओलांडून, पाण्याच्या टाकीशेजारून आम्ही बाहेर पडलो. फोनची रेंज जायच्या आत मी दादाला फोन लावला. का लावला? रागानं लावला. भीती वाटली की मला आधी राग येतो, आणि राग आला की तो कुणावर तरी काढावा लागतो. बाबा शेजारी बसले आहेत हे मला दिसत होतं.

"झाली," मी म्हटलं. "ज्या चुकीची वाट बघत होतास ती झाली. रविवारी ये आणि घेऊन जा त्यांना."

दादा काय झालं, काय झालं करत राहिला. मी फोन ठेवला. बाबा समोरच्या काचेतून बघत होते. त्यांच्या मुठीत तो सेन्सर होता.

चढण लागली. मी जिवाच्या आकांतानं टेम्पो दामटत होते आणि प्रत्येक वळण यायच्या आधी मला पुढचं चित्र दिसत होतं: गाडी आडवी उभी, बॉनेटमधून वाफ, सिस्टर रस्त्यावर हात हलवते आहे. प्रत्येक वळणानंतर रस्ता रिकामा असायचा. त्यानं बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं, कारण गाडी जेवढी पुढे गेली तेवढी ती दवाखान्यापासून लांब गेली. जाताना बंद पडली असती तर सिस्टर एकटीच अडकली असती. येताना बंद पडली तर मागच्या सीटवर ती बाई असणार.

एका वळणावर रस्त्यात ओला डाग दिसला. मी करकचून ब्रेक दाबला, उतरले, बोट टेकवून हुंगलं. कूलंट चिकट असतो, त्याला गोडसर वास येतो. हे नुसतं पाणी होतं, वरच्या खडकातून झिरपून आलेलं. मी बोट कपड्याला पुसलं. बाबा बघत होते म्हणून उगाच टायरला लाथ मारून बघितली.

परत बसले तेव्हा बाबांनी विचारलं, "आपण कुठे चाललोय?"

मी वसकन म्हणाले, सिस्टरांच्या गाडीमागे, तुम्ही मेलेला सेन्सर बसवलात म्हणून. ते हो हो म्हणाले, आठवल्यासारखं. थोड्या वेळानं हलक्या आवाजात त्यांनी मला आमच्याच टेम्पोचा काटा दाखवला. आपलं इंजिन फार तापवलंस, म्हणाले, गिअर खाली घे. मी घेतला. काटा थोड्या वेळानं उतरला. या माणसाला आपण कुठे चाललोय ते ठाऊक नव्हतं, पण काट्यावर त्याचं लक्ष होतं.

माथा ओलांडून उतरलो की खाली वस्ती आहे. सिस्टरांची गाडी शेवटच्या घरापुढे उभी दिसली तेव्हा माझ्या जिवात जीव आला, आणि लगेच पुन्हा गेला, कारण इंजिन चालूच होतं. आता उकळेल, आता वाफ येईल, असं म्हणत मी धावले. जवळ पोचते तर बॉनेटच्या आत पंखा घरघरत सुरू झाला. मी जागच्या जागी थांबले. पंखा थोडा वेळ फिरला आणि आपोआप बंद झाला.

सिस्टर दारातून येत होती. तिच्या आणि आपल्या नवऱ्याच्या खांद्यांवर हात टाकून ती बाई एकेक पाऊल टाकत होती, तोंडातून आवाज येऊ नये म्हणून तिनं पदर दातांत धरला होता. सिस्टर मला बघून चकित झाली. मी एका दमात सगळं सांगितलं: सेन्सर चुकीचा बसलाय, बदलावा लागेल, नवा आणलाय.

"काटा तर मधोमध आहे," सिस्टर म्हणाली. "येताना जरासुद्धा हलला नाही. किती वेळ लागेल?"

आता मी अडकले. तापलेल्या इंजिनातून सेन्सर काढला तर उकळतं पाणी अंगावर उडतं. आधी इंजिन गार व्हायला हवं, म्हणजे बराच वेळ. सिस्टरनं मान हलवली. बाळ पायाळू आहे, म्हणाली, इथे माझ्याच्यानं होणार नाही. आमच्या टेम्पोतून न्यावं तर मागे उघडा हौदा, पुढे दोन माणसांची जागा. तिनं बाईला मागच्या सीटवर आडवं केलं, नवऱ्याला उशाशी बसवलं, दार लावलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू सांग. या गाडीनं निघू की नको?"

काटा मध्ये होता हे खरं. पण मेलेला सेन्सरसुद्धा कधीकधी तासभर बरा वागतो आणि नेमका चढावर दगा देतो. परत जातानाही आधी चढच होता. हो म्हटलं आणि गाडी माथ्यावर बंद पडली तर? नाही म्हटलं आणि इथेच काही बरंवाईट झालं तर?

तेवढ्यात बाबांनी बॉनेट उघडलं. मी नको नको म्हणत होते, पण ते वाकले आणि त्यांचा हात सरळ सेन्सरच्या कपलरवर गेला. कपलर म्हणजे वायरीच्या टोकाचं ते प्लास्टिकचं टोपण, जे सेन्सरवर घट्ट बसतं. त्यांनी त्याच्या मागच्या वायरी बोटांनी चाचपल्या. वायरींवर मेण लावलेला काळा दोरा गुंडाळला होता, शेवटी दुहेरी गाठ. असा दोरा आता कुणी गुंडाळत नाही, सगळे टेप लावून मोकळे होतात.

"ही गाठ माझी," ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. कपलरच्या मागच्या वायरी नव्या होत्या, फटीतून दिसणाऱ्या पिनाही नव्या, आणि कडेला जुन्या गंजाची हिरवी भुकटी अडकलेली. म्हणजे बाबांनी कपलर पूर्ण नव्यानं बांधला होता. नुसता सेन्सर बदलायचा तर एवढा खटाटोप कोण करेल? बाबा कपाळाला आठ्या घालून त्या गाठीकडे बघत होते, जणू ती कुणा ओळखीच्या माणसानं मारली होती. मग ते माझ्याकडे वळले.

"तो डब्यातला पाण्यात घालून बघितलास?"

बघितला, मी म्हटलं.

"उकळेपर्यंत?"

मी म्हटलं, वाफ येईपर्यंत.

"घाई," ते म्हणाले. रागावून नाही. नुसती हाक मारावी तसं.

त्या घराच्या स्वयंपाकघरात शेगडीवर पाणी खळखळत होतं. मी पिशवीतला मीटर घेऊन आत धावले, बाबांच्या मुठीतला सेन्सर घेतला, चिमटे लावले, नाक पाण्यात बुडवलं. आकडा भराभर उतरायला लागला, सकाळसारखाच, गुणी पोरासारखा. तो आणखी खाली गेला. आणि मग पडदा कोरा झाला. आकडा नाही, काही नाही. आतलं काहीतरी तापून फाकलं होतं आणि विजेची वाट तुटली होती. बाहेर काढून फुंकर घातली, आकडा परत आला. पुन्हा बुडवला, पुन्हा कोरा. सुट्या पार्टच्या खोक्यातून आलेला नवाकोरा सेन्सर उकळत्या पाण्यात बोलायचं सोडत होता. तो मी त्या गाडीत बसवणार होते. गाडी गार असेपर्यंत तो छान चालला असता, मी स्वतःची पाठ थोपटून घेतली असती, आणि चढावर इंजिन खऱ्या अर्थानं तापल्यावर तो गप्प झाला असता.

मी बाहेर येऊन सिस्टरला म्हटलं, "निघा. गाडीला काही नाही. मी मागेच आहे."

ती निघाली. आम्ही तिच्या मागे लागलो.

चढावर मी तिच्या गाडीवरून नजर काढली नाही. बॉनेट दिसत नव्हतं, मागची काच दिसत होती आणि त्यात नवऱ्याचं वाकलेलं डोकं. एखादा पांढरा धूर दिसला की मी टेम्पो आणखी जवळ न्यायचे, मग तो समोरून येणाऱ्या ट्रकचा निघायचा. माथा आला, गेला. उतार लागला तेव्हा कुठे मला बोलायला सुचलं. मी बाबांना सगळं समजावून सांगितलं.

म्हटलं, नवा सेन्सर तुम्ही आधी उकळून बघितलात, तो मेला, म्हणून तो डब्यात टाकलात. मग जुना धुऊन उकळून बघितलात, तो चांगला निघाला. म्हणजे दोष सेन्सरचा नव्हताच, कपलरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. तुम्ही पिना बदलल्या, वायरी बांधल्या आणि जुनाच सेन्सर परत बसवलात. सगळं बरोबर केलंत, बाबा. मीच चुकले.

ते ऐकत होते, शेजारच्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसे.

"हे मी केलं?"

"तुम्हीच."

"चांगलं केलं," ते म्हणाले. "पण मला आठवत नाही, घाई. गाठ ओळखली. बाकी काही आठवत नाही."

तेव्हा मला जी भीती वाटली ती सकाळच्या भीतीहून वेगळी होती. त्यांची चूक झाली असती तर पुढे काय करायचं ते ठरलेलं होतं. रडत का होईना, मी त्यांचे कपडे भरले असते. पण त्यांचं काम बरोबर होतं, माझ्यापेक्षा बरोबर होतं, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. हात सगळं जाणत होते. डोक्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. हात आणखी किती दिवस जाणतील, हे मी कुणाला विचारणार होते?

दवाखान्याच्या फाटकात सिस्टरांची गाडी शिरली, चाकांची खाट धावत आली, बाईला आत नेलं. सिस्टरनं आत जाता जाता आमच्याकडे बघून हात वर केला. माझा जीव भांड्यात पडला. मी टेम्पो बाजूला घेऊन नुसती बसून राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. दादा. तो सकाळपासून लावत असणार. मी स्पीकर चालू केला, कारण सकाळी जे बोलले होते ते बाबांनी ऐकलं होतं, मग आताचंही त्यांनी ऐकायलाच हवं होतं. दादानं रजा टाकली होती, रविवारी निघायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, येऊ नकोस, चूक बाबांची नव्हती, माझी होती. त्याचा विश्वास बसेना. तू त्यांना पाठीशी घालतेस, म्हणाला, सकाळी एक सांगतेस, दुपारी दुसरं. मग म्हणाला, बाबांना दे.

"बाबा, आज काय केलंत तुम्ही? आठवतंय का तुम्हाला?"

बाबा ताठ बसले. शर्टाचं वरचं बटण त्यांनी नीट केलं.

"आठवतंय की," ते म्हणाले. "नवा सेन्सर आधी उकळून बघितला. तो मेला, म्हणून डब्यात टाकला. मग जुना धुऊन उकळला, तो चांगला निघाला. दोष सेन्सरचा नव्हताच. कपलरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. पिना बदलल्या, वायरी बांधल्या आणि जुनाच परत बसवला."

ते कुठे अडखळले नाहीत. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. शब्द माझे होते, मघाशी उतारावर मी वापरलेले, त्याच क्रमानं. दादा म्हणाला, एवढं मलाही सांगता आलं नसतं. रविवारी येत नाही, म्हणाला, पुढचं पुढे बघू. मी खरं बोलायला हवं होतं. त्याच क्षणी, फोन चालू असताना, सांगायला हवं होतं, की दादा, हे त्यांना आठवत नाही, हे मी त्यांना शिकवलं. नाही सांगितलं. मला बाबा हवे होते. एवढंच कारण.

फोन बंद झाला. बाबा दवाखान्याच्या दाराकडे बघत राहिले. लोक आत जात होते, बाहेर येत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवली आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं.

"बरोबर सांगितलं ना गं?"

"हो बाबा," मी म्हटलं. "एक शब्द चुकला नाही."